डेडिकेटेड सर्व्हरची डिस्क बदलण्याआधी आणि बदलताना

बडोद्यात दांडिया बाजारात लग्नाचे अल्बम छापणारा एक छापखाना आहे. त्यांचा सर्व्हर मी सांभाळतो. मशीन भाड्याचं, पण अख्खं त्यांचंच (यालाच डेडिकेटेड सर्व्हर म्हणतात), मुंबईच्या एका डेटा सेंटरमध्ये ठेवलेलं. गुजरातभरचे फोटोग्राफर त्यावर फोटो चढवतात आणि पानांची मांडणी तिथेच पाहून ऑर्डर देतात. गेल्या लग्नसराईत संध्याकाळी सात वाजले की ऑर्डरची यादी उघडायलाच नऊ-दहा सेकंद लागायला लागले. छापखान्याच्या मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांचा फोन आला, "अरे, प्रोसेसर दुप्पट करून टाक ना. पैशाचं मी बघतो."

मी म्हटलं, "काका, आजची रात्र थांबा. सर्व्हर नेमका कशासाठी अडतोय, ते आधी पाहू द्या."

त्या रात्री प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसून होता, खोळंबा डिस्कपाशी होता. शेवटी आम्ही ड्राइव्ह बदलले. ते करताना कुठल्या क्रमाने गेलो आणि कुठे हात पोळू शकतात, ते इथे सविस्तर लिहितो. लिनक्सचा सर्व्हर आणि त्यावर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रे हा डेटाबेस आहे असं धरून चाललो आहे.

दोष डिस्कचाच आहे ना?

हे ठरवल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. डेडिकेटेड सर्व्हरवर एक गोष्ट सोपी असते. शेजारी कोणी नसतो, त्यामुळे डिस्कवरचा सगळा ताण तुमचाच असतो आणि तो मोजता येतो. मात्र वर्दळीच्या वेळीच मोजा, दुपारी दोनला मोजून काही कळणार नाही.

टॉप ही कमांड चालवा आणि प्रोसेसरच्या ओळीतला डब्ल्यूए हा आकडा पाहा. डिस्कची वाट पाहण्यात प्रोसेसरचा किती टक्के वेळ गेला, ते तो सांगतो. इथे बरेच जण फसतात, कारण हा आकडा सगळ्या कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणकांची, सरासरी असतो. आठ कोअरच्या मशीनवर १२ टक्के दिसले तर किरकोळ वाटतात, पण त्याचा अर्थ एका अख्ख्या कोअरइतका वेळ नुसत्या ताटकळण्यात चालला आहे.

मग व्हीएमस्टॅट चालवून एसआय आणि एसओ हे दोन रकाने पाहा. त्यांत सतत शून्याच्या वर आकडे येत असतील तर रॅम कमी पडते आहे आणि मशीन स्वॅपवर, म्हणजे रॅमऐवजी डिस्कवर, चाललं आहे. अशा वेळी रॅम वाढवा. वेगवान ड्राइव्ह टाकून स्वॅप पळवण्यात अर्थ नाही.

डेटाबेसला किती रॅम दिली आहे, हेही आत्ताच बघा. मायएसक्यूएल रॅममध्ये डेटा ठेवतो त्या इनोडीबी बफर पूलचा मूळ आकार फक्त १२८ एमबी असतो. ३२ जीबी रॅमच्या मशीनवर तो तसाच राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे. डेटाबेस बिचारा डेटाच्या प्रत्येक तुकड्यासाठी डिस्कवर धावतो आणि शेजारी पंचवीस जीबी रॅम मोकळी पडलेली असते. मशीनवर मुख्यतः डेटाबेसच असेल तर रॅमचा साठ-सत्तर टक्के भाग त्याला द्या. इंडेक्स (डेटाची सूची) नसल्यामुळे हळू चालणाऱ्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, शोधून काढा. ही दोन्ही कामं फुकट होतात, आणि कित्येकदा ड्राइव्ह घेण्याची वेळच येत नाही.

एवढं करूनही खोळंबा उरला तर आयओस्टॅट सविस्तर रकान्यांसह, दर सेकंदाला ताजे आकडे देईल असं चालवा. पहिली खेप सोडून द्या, ती सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या खेपांमध्ये वाचण्याचा अवेट, लिहिण्याचा अवेट आणि रांगेची लांबी हे तीन आकडे पाहायचे. अवेट म्हणजे मागणी केल्यापासून उत्तर मिळेपर्यंत गेलेला वेळ, मिलिसेकंदात. साध्या हार्ड डिस्कवर दहा-पंधरा असला तर तब्येत ठीक समजा. काकांच्या सर्व्हरवर त्या संध्याकाळी वाचण्याचा अवेट १८० च्या आसपास होता आणि रांगेत वीसेक मागण्या उभ्या होत्या. हिशेब सोपा आहे: वीस मागण्या, प्रत्येकीला ०.१८ सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे ११० कामं उरकत होती. यापुढे ती डिस्क जाऊच शकत नव्हती. का, ते पुढे सांगतो.

यूटिल टक्केवारीचा रकाना, म्हणजे ड्राइव्ह किती वेळ कामात होता तो, हार्ड डिस्कसाठी खरा बोलतो. एनव्हीएमई (नव्या जोडणीचा, न फिरणारा वेगवान) ड्राइव्ह मात्र एकाच वेळी अनेक कामं करतो, त्यामुळे तिथे १०० टक्के दिसले म्हणून ड्राइव्ह भरला असं समजू नका. तिथेही भरवसा अवेटवरच ठेवायचा. डिस्क कोण खातंय ते आयओटॉप सांगेल. आमच्याकडे निम्मा ताण डेटाबेसचा निघाला आणि निम्मा फोटोंच्या छोट्या प्रतींचा.

फिरती डिस्क कुठे थांबते

मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, आणि एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. हेड योग्य रेषेवर सरकायला आणखी आठ-नऊ. बेरीज बारा-तेराच्या घरात जाते. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास, आणि रांग लावून दिली तर थोडे अधिक. कंपनी कुठलीही असो, हा हिशेब बदलत नाही, कारण तो चकती फिरण्याचा आहे.

तीच डिस्क सलग मोठी फाइल मात्र सेकंदाला दीडशे ते अडीचशे एमबी वेगाने वाचते. म्हणून हार्ड डिस्क टाकाऊ झाली असं मी मुळीच म्हणणार नाही. काकांचे मूळ मोठे फोटो आणि बॅकअप आजही हार्ड डिस्कवरच आहेत आणि तिथेच राहतील. त्रास होतो तो डेटाबेसचा आणि लाखो छोट्या फाइलींचा.

साटा या जुन्या जोडणीवरच्या एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही, डेटा फ्लॅश चिपमध्ये राहतो, त्यामुळे तीच कामं सेकंदाला हजारोंनी होतात. तिची मर्यादा तारेची: साटाच्या ६ गिगाबिटच्या जोडणीतून प्रत्यक्षात सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंतच जातं. शिवाय साटाची बोलण्याची पद्धत फिरत्या डिस्कच्या काळातली, एकच रांग आणि तीत ३२ कमांड. एनव्हीएमईचं पहिलं प्रमाण २०११ मध्ये आलं. ते फ्लॅश डोळ्यापुढे ठेवूनच लिहिलेलं होतं: हजारो रांगा, प्रत्येकीत हजारो कमांड, आणि जोडणी थेट पीसीआय एक्स्प्रेसवर, म्हणजे मदरबोर्डच्या वेगवान मार्गावर. या मार्गाच्या तिसऱ्या पिढीच्या चार लेनवर सेकंदाला साडेतीन जीबीच्या आसपास आणि चौथ्या पिढीवर सातच्या आसपास वेग मिळतो.

माझं मत स्पष्ट आहे. हार्ड डिस्कवरून कुठल्याही चांगल्या एसएसडीवर जाताना जो फरक पडतो तो माणसाला जाणवतो. साटावरून एनव्हीएमईवर जाताना पडणारा फरक साध्या वेबसाइटवर बहुधा आलेखातच दिसतो. जुन्या मशीनमध्ये साटाचीच जागा असेल तर मन खट्टू करू नका. नवं मशीन घेताना दर सारखाच असेल तर अर्थात एनव्हीएमई घ्या.

खोक्यावरचा आकडा आणि एफसिंक

या मुद्द्यावर थोडं थांबा. इथलं माझं शिक्षण महागात पडलं आहे.

ऑर्डर पक्की झाली की डेटाबेस ड्राइव्हला विचारतो, "खरंच लिहिलंस ना? आत्ता वीज गेली तरी राहील ना?" या विचारण्याला एफसिंक म्हणतात. मायएसक्यूएलच्या मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक व्यवहाराला ते होतं, आणि ते तसंच असायला हवं. घरगुती एसएसडीला याचं खरं उत्तर द्यायचं तर डेटा फ्लॅशमध्ये उतरेपर्यंत थांबावं लागतं. सर्व्हरसाठीच्या बहुतेक एसएसडीवर छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. वीज गेली तरी हातातलं काम फ्लॅशवर उतरवण्याइतका चार्ज त्यांत असतो. त्यामुळे तो ड्राइव्ह स्वतःच्या मेमरीत डेटा आला की लगेच "लिहिलं" म्हणू शकतो, आणि तेही खोटं न बोलता. कागदपत्रांत याला पॉवर लॉस प्रोटेक्शन म्हणतात. डेटाबेससाठी ड्राइव्ह घेताना मी सगळ्यात आधी हीच ओळ शोधतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ग्राहकाकडे मी खोक्यावरचा सेकंदाला सात हजार एमबीचा आकडा पाहून घरगुती एनव्हीएमई बसवला होता. डेटा हलवताना सुरुवातीचे साठ-सत्तर जीबी वाऱ्यासारखे गेले आणि मग वेग एकदम हार्ड डिस्कच्या पातळीवर आला. असे ड्राइव्ह आपल्या फ्लॅशचा काही भाग तात्पुरता जलद पद्धतीने वापरतात. तो भरला की खरा वेग उघडा पडतो. डेटाबेस सुरू केल्यावर तर एकामागून एक पक्के होणारे व्यवहार सेकंदाला काही शेच निघाले. मी चुकीचा आकडा पाहिला होता. तो ड्राइव्ह मी स्वतःच्या खर्चाने बदलून दिला, आणि तेव्हापासून मोजल्याशिवाय ड्राइव्ह कामाला लावत नाही.

दुसरी ओळ टिकाऊपणाची. रोज अख्खा ड्राइव्ह किती वेळा लिहिता येईल, ते डीडब्ल्यूपीडी या अक्षरांनी सांगतात. ९६० जीबीचा ड्राइव्ह, रोज एकदा, पाच वर्षं: ९६० गुणिले ३६५ गुणिले ५, म्हणजे १७५२ टीबी. आता तुमचं रोजचं लिखाण मोजा. एनव्हीएमईच्या स्मार्ट अहवालात (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीबद्दल देतो तो) डेटा युनिट्स रिटन हा आकडा असतो, एक युनिट म्हणजे ५,१२,००० बाइट. आज आणि उद्या त्याच वेळी तो टिपून वजाबाकी करा. फिरत्या डिस्कवर आयओस्टॅटच्या एकूण लिखाणाच्या रकान्यातून तोच अंदाज येतो. काकांकडे रोजचं लिखाण चाळीस जीबीच्या आसपास, म्हणजे पाच वर्षांत ७३ टीबी. तिप्पट टिकाऊ महागडा ड्राइव्ह त्यांच्या गळ्यात मारणं गैर झालं असतं.

बसेल का, आणि किती घ्यायचे

मदरबोर्डचं मॅन्युअल उघडून पाहा. बोर्डावर आडवा ड्राइव्ह बसवायचे काही एम.२ स्लॉट फक्त साटा घेतात, तर काही भरले की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात. सर्व्हरचे काही एम.२ ड्राइव्ह ११० मिलिमीटर लांब असतात आणि ८० च्या जागेत बसत नाहीत. जुने बोर्ड एनव्हीएमईवरून सुरू होत नाहीत, पण डेटासाठी तो चालतो. सिस्टीम साटावर आणि डेटाबेस एनव्हीएमईवर ही जोडी अगदी सुखाची आहे. हार्डवेअर रेड कार्ड (अनेक ड्राइव्ह एकत्र जोडणारं) असेल तर ट्रिमची, म्हणजे कुठली जागा मोकळी झाली ते सांगणारी, कमांड त्यातून एसएसडीपर्यंत पोचते का, ते तपासा. पुष्कळ कार्डांतून ती पोचत नाही.

मशीन भाड्याचं असेल तर डेटा सेंटरला लेखी विचारा: ड्राइव्हचं नेमकं मॉडेल कोणतं, नवा की वापरलेला, वापरलेला असेल तर किती टक्के झिजला आहे, पॉवर लॉस प्रोटेक्शन आहे का, मशीन बंद न करता बदलता येतो का. "एंटरप्राइझ एसएसडी आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका.

दोन ड्राइव्ह रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, चार असतील तर रेड १०, म्हणजे अशा दोन जोड्या. रेड ५ मध्ये पूर्ण प्रतीऐवजी ताळ्याचा डेटा ठेवतात, त्यामुळे प्रत्येक छोट्या लिखाणासाठी दोन वाचनं आणि दोन लिखाणं होतात, म्हणून डेटाबेससाठी मी ते टाळतो.

रेड म्हणजे बॅकअप नाही, हे बडोद्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा छापखान्याच्या तळमजल्यावरची बॅकअप डिस्क आम्ही घाईघाईने वरच्या मजल्यावर नेली. सर्व्हर मुंबईत सुखरूप होता, पण त्याची एकुलती एक प्रत पाण्याच्या वाटेवर होती. आता दुसरी प्रत शहराबाहेर असते.

आधीची मोजणी

ड्राइव्ह बसले की त्यांवर काही ठेवण्याआधी फिओ या साधनाने मोजा, आणि त्याच चाचण्या जुन्या डिस्कवरही करून आकडे लिहून ठेवा. मला दोनच पुरतात. एक, ४ केबीचे विखुरलेले वाचन, रांगेत बत्तीस मागण्या. दुसरी जास्त महत्त्वाची: ४ केबीचे विखुरलेले लिखाण, रांगेत एकच मागणी, आणि प्रत्येक लिखाणानंतर एफडेटासिंक. डेटाबेसच्या वागण्याशी सगळ्यात जवळची हीच. डायरेक्ट पर्याय चालू ठेवा, नाहीतर रॅमचाच वेग मोजला जाईल. किमान दहा जीबीची फाइल घ्या, आणि सरासरीपेक्षा ९९ व्या शतमकाची लेटन्सी पाहा, म्हणजे शंभरातल्या ९९ मागण्या जेवढ्या वेळात उरकल्या तो वेळ. ग्राहकाची चिडचिड त्या शेवटच्या एका टक्क्यातून येते.

सावध राहा: फिओला फाइलचं नाव द्या, थेट डिव्हाइसचं नको. डिव्हाइस देऊन लिखाणाची चाचणी केली तर त्यावरचा सगळा डेटा जातो.

हलवण्याची रात्र

आम्ही पंचांग पाहून रात्र निवडली. मुहूर्त पाहायला नाही, लग्नाची तिथी कुठेच नाही अशी रात्र शोधायला. फोटोग्राफरांचा धंदा तिथीवर चालतो, म्हणजे सर्व्हरवरचा ताणही तिथीवरच चढतो-उतरतो. तुमच्या ग्राहकाचा ताण कशावर चालतो ते तुम्ही ओळखा: जीएसटीच्या तारखा, परीक्षेचे निकाल, पगाराचा दिवस.

१. पूर्ण बॅकअप घ्या आणि त्यातलं एखादं टेबल दुसऱ्या मशीनवर उतरवून पाहा. न उतरवलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

२. स्मार्टसीटीएल या कमांडने प्रत्येक ड्राइव्हचा सिरियल नंबर टिपा. एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात, सिरियल बदलत नाही. डेटा सेंटरच्या माणसाला फोनवर सांगतानाही सिरियलच सांगा, "डावीकडचा" म्हणू नका.

३. नव्या ड्राइव्हवर १ एमआयबीच्या सीमेवर सुरू होणारी पार्टिशन करा, एमडीएडीएम या साधनाने रेड १ बांधा, ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस फाइल सिस्टीम टाका आणि तात्पुरत्या फोल्डरला जोडा, म्हणजे माउंट करा.

४. सर्व्हर चालू असतानाच पहिला आरसिंक (फक्त बदललेलं नक्कल करणारी कमांड) करा, मालकी, परवानग्या आणि हार्ड लिंकसकट. डेटाबेसच्या फाइलींची ही प्रत विश्वासाची नसते, कारण त्या हलत्या असतात. पुढच्या खेपेचा वेळ वाचावा एवढाच तिचा उपयोग.

५. ॲप थांबवा, डेटाबेस नीट बंद करा आणि दुसरा आरसिंक चालवा, यावेळी जुन्या जागेत नसलेलं नव्या जागेवरून काढून टाकण्याच्या पर्यायासह. आमच्याकडे पहिली खेप पाच तासांची होती, दुसरी अकरा मिनिटांची. ग्राहकांसाठी साइट बंद राहिली ती मुख्यतः तेवढीच.

६. नवी जागा जुन्याच पत्त्यावर माउंट करा. डेटाबेसचा पत्ता बदलला तर ॲपआर्मर किंवा एसईलिनक्स हा लिनक्सचा पहारेकरी त्याला अडवतो आणि मध्यरात्री कारण सापडत नाही. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा न बदलणारा क्रमांक, लिहा, सोबत नोएटाइम (प्रत्येक वाचनाची वेळ न नोंदवण्यासाठी), आणि डेटाच्या ड्राइव्हसाठी नोफेल. ते असलं म्हणजे ड्राइव्ह रुसला तरी मशीन निदान सुरू होतं. फाइंडमाउंटने एफएसटॅब तपासून घ्या.

७. आता मुद्दाम रीबूट करा. सगळं चालतंय म्हणून झोपायला जाऊ नका. तीन महिन्यांनी भलत्या वेळी रीबूट होऊन चूक उघडी पडण्यापेक्षा ती आज, जागे असताना दिसलेली बरी.

सिस्टीमचा ड्राइव्हही बदलत असाल तर बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) दोन्ही ड्राइव्हवर टाका. तो ज्यात असतो ते ईएफआयचं पार्टिशन रेडमध्ये आपोआप येत नाही.

बसवल्यानंतर

ट्रिम पाठवणाऱ्या एफएसट्रिमचा आठवड्याचा टायमर चालू करा. डिस्कच्या मागण्यांचा क्रम लावणारा शेड्युलर एनव्हीएमईसाठी नन, साटा एसएसडीसाठी एमक्यू-डेडलाइन. मायएसक्यूएल ८.० पर्यंत आयओ कपॅसिटी (मागच्या मागे सेकंदाला किती कामं डिस्कवर टाकायची ती मर्यादा) मूळ २०० असते, ती फिरत्या डिस्कच्या हिशेबाची. ती दोन हजारांवर न्या आणि अवेट पाहत हळूहळू ठरवा. फ्लश नेबर्स (शेजारचे तुकडेही सोबत लिहिण्याची सेटिंग) शून्य करा, ८.० मध्ये ते तसंच असतं. पोस्टग्रेमध्ये रँडम पेज कॉस्ट (विखुरलेलं वाचन किती महाग धरायचं तो आकडा) मूळ ४ असते, ती १.१ करा, नाहीतर इंडेक्स असूनही तो अख्खं टेबल चाळत बसेल. वेगासाठी एफसिंक बंद करा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. ती पक्की झालेली ऑर्डर कोणाच्या तरी घरच्या लग्नाची असते.

काकांची यादी आता सेकंदाच्या आत उघडते आणि अवेट एक मिलिसेकंदाच्या खाली असतो. दुसऱ्याच आठवड्यात फोटोंच्या छोट्या प्रती बनवताना प्रोसेसर भरलेला दिसला, पूर्वी डिस्कमुळे तो कधी भरतच नव्हता. काकांचा दुप्पट प्रोसेसर कदाचित पुढच्या हंगामात खरंच लागेल.

महिन्यातून एकदा स्मार्ट अहवालात झीज टक्केवारी, उरलेली राखीव जागा, मीडिया एरर आणि तापमान पाहा. मीडिया एरर शून्यावरून हलला की नवा ड्राइव्ह मागवा. सर्व्हर ऑफिसात असेल, आणि बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कित्येक कारखान्यांत तो साध्या कपाटातच असतो, तर मे महिन्यात लक्ष ठेवा. बाहेर चाळिशी ओलांडली की बंद कपाटातला एम.२ ड्राइव्ह सहज सत्तरच्या पुढे जातो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. हीटसिंक आणि हवेला वाट, एवढं पुरतं.

जुने ड्राइव्ह पंधरा दिवस जसेच्या तसे, फक्त वाचण्यापुरते माउंट करून ठेवा. त्यानंतर ते परत देण्याआधी पुसा: हार्ड डिस्कवर श्रेड या कमांडची एक पूर्ण फेरी, आणि एसएसडी असेल तर तिची स्वतःची सुरक्षित पुसण्याची कमांड. नुसतं फॉरमॅट पुरत नाही. काकांच्या त्या दोन डिस्कवर हजारो घरांतल्या लग्नांचे फोटो होते. पुसायला रात्रभर लागली. सकाळी दोन्हींचा सिरियल नंबर वहीत लिहिला, समोर तारीख टाकली, आणि मगच डेटा सेंटरला डिस्क काढून घ्यायला सांगितलं.